अक्कांचं अभिभाषण

आमच्या थोरल्या जाऊबाई, कौसल्याअक्का, राष्ट्रपती होत्या. अजूनही आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आमच्या वस्तीवर याला कुणी हसत नाही. भवानीनगरच्या अलीकडे, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची वस्ती आहे, आणि आमच्या घरात दर अमावस्येला संसद बसते. अमावस्येला आमच्याकडे रानात औत धरत नाहीत. पुरुषमाणसं दिवसभर रिकामी असतात, आणि रिकाम्या पुरुषांच्या डोक्यातून काय निघेल याचा नेम नसतो.

हे डोकं आमच्या सासऱ्यांचं. मोहनराव, म्हणजे आमचे आबा, हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहासाच्या पेपरात शेवटी थोड्या मार्कांचा जो तुकडा असतो, तो. पोरं तो ऑप्शनला टाकायची. जन्मभर आपला विषय ऑप्शनला गेला याचा राग आबांनी रिटायर झाल्यावर घरावर काढला, असं माझं स्वच्छ मत आहे. त्यांचे थोरले चिरंजीव ज्ञानेश, म्हणजे अक्कांचे मालक, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून गेले. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. त्यांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मधले दीर युवराज आणि माझा नवरा रणजित पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर फावडं घेऊन धावले. तेव्हा आबा मधे उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासनं ह्या घरात कुणा एकाचा शब्द चालणार न्हाय. देश घटनेनं चालतो, घरबी घटनेनं चालंल."

ओटा ही लोकसभा. सभासद दोन, युवराजभाऊजी आणि रणजित. आबा अध्यक्ष. अध्यक्षानं मत द्यायचं नसतं, दोन्हीकडची मतं सारखी झाली तरच त्याचं निर्णायक मत. आता सभासद दोन, आणि ते दोघं चहात साखर किती घालावी यावरसुद्धा कधी एका बाजूला आले नाहीत. म्हणजे दर वेळी मतं सारखी, म्हणजे दर वेळी आबांचंच मत. हे आबांच्या लक्षात आलं नसेल असं मला एकदाही वाटलं नाही.

शेवग्याखालच्या बाजेवर राज्यसभा. तिथं एकच सभासद, आबांचे थोरले भाऊ दत्तोबा तात्या. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी तिच्यातले एक तृतीयांश सभासद तेवढे निवृत्त होतात, असं आबा सांगायचे. तात्यांचं तसंच चाललं होतं. आधी दात गेले, मग कान, आता गुडघे. ओट्यावर ठराव मंजूर झाला की आबा बाजेपाशी जाऊन तो मोठ्यानं वाचायचे, तात्या म्हणायचे, "चा झाला का?" आणि आबा ओट्याकडं वळून जाहीर करायचे की राज्यसभेचीही मंजुरी मिळाली.

आणि राष्ट्रपती. "संसद म्हंजी नुसती दोन सभागृहं न्हवंत," आबा बोट वर करून सांगायचे. "राष्ट्रपती आणि दोन सभागृहं मिळून संसद. लोक राष्ट्रपतीला इसरतात." आबा विसरले नाहीत. घरात विधवा सून होती, तिच्या पदरात पोर होतं, आणि तिचा वाटा काय यावर अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं. आबांनी तिला घरातली पहिली नागरिक करून टाकलं. ज्ञानेशदादांची हाताची लाकडी खुर्ची होती, ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ठेवली. आत, कारण राष्ट्रपती दोन्हींपैकी कुठल्याच सभागृहाचा सभासद नसतो. तो चर्चेत बोलत नाही, मत देत नाही. सगळं त्याच्या नावानं होतं आणि शेवटी त्याची सही लागते. पहिल्या दिवशी अक्का खुर्चीवर पदर सावरून बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी बस म्हणालं नव्हतं.

माझं काय, असं विचाराल. दिल्लीत बायकांना एक तृतीयांश जागा द्यायचा कायदा झाला, त्याच महिन्यात आबांनी तो आमच्याकडंही आणला. एरवी भांडणाऱ्या दोघा भावांनी तेवढ्यापुरता एकमुखानं मंजूर केला, ओटा बडवला. मी आतून विचारलं, "मग मी कवा बसू ओट्यावर?" आबा म्हणाले, "जनगणना झाल्यावर. मग मतदारसंघांची फेररचना. मग." मी म्हणाले, "आबा, घरात माणसं किती ते मोजायला असा कितीसा येळ लागतो?" आबा म्हणाले, "जनगणना केंद्राचा इषय हाय, संजीवनी. तू भाकरी बघ." मी भाकरी बघितली. एक करपवली, मुद्दाम.

आता बागेचं सांगते, कारण सगळं त्या बागेपायी झालं.

रस्त्याकडेच्या तुकड्यात ज्ञानेशदादांनी डाळिंब लावलं होतं. ते गेले तेव्हा झाडं जेमतेम कमरेला होती. ऊस लावून मोकळे होऊ म्हणणारे भाऊ होतेच, पण तेव्हा कुणाला जोर नव्हता, आणि अक्कांनी पदर खोचून बाग धरली. छाटणी, पानगळ, बहार, फवारणी, तेल्या रोग आला की झाड अन् झाड उलटसुलट करून बघणं, सगळं शिकल्या. घरात अक्कांचा आवाज चुलीच्या पलीकडं जायचा नाही. बागेत मात्र त्या रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. मजुरांवर ओरडायच्या, व्यापाऱ्याला तोडीवरून हाकलून लावायच्या, फोनवर दरासाठी हुज्जत घालायच्या. व्यापारी त्यांना 'कौसल्याताई' म्हणायचे. मला त्या आवाजाचं फार कौतुक होतं. मी जेवणाचा डबा घेऊन जायची ती निम्मी तो ऐकायलाच.

वर्षातलं पहिलं अधिवेशन आमच्याकडं पाडव्याला असतं. गुढी उभी केली, कडुनिंब खाल्ला की राष्ट्रपतींचं अभिभाषण. दिल्लीत राष्ट्रपती काय वाचणार हे सरकार लिहून देतं, तसं आमच्याकडं युवराजभाऊजी लिहून द्यायचे. अक्का सातवी शिकलेल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या, आणि वाक्य संपल्यावर मग त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत यायचा. गेल्या वर्षीच्या पाडव्याला त्या उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या, "माझ्या सरकारने गेल्या वर्षी विहिरीचा गाळ काढला. माझ्या सरकारने नवीन कडबाकुट्टी मशीन घेतले. माझ्या सरकारने रस्त्याकडेची डाळिंबाची बाग काढून तेथे मंगल कार्यालय व लॉन्स उभारण्याचे ठरवले आहे."

युवराजभाऊजींनी ओटा बडवला. अक्कांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं. ते थांबलं, मग मागं आलं. त्यांनी तेच वाक्य ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"आबा," त्या म्हणाल्या, "बाग कुणी काढायची ठरवली?"

"तुज्या सरकारनं," आबा म्हणाले. "वाच पुढं."

"पर मला कुणी इचारलं—"

"अभिभाषणात सवाल-जबाब न्हाय, कौसल्या. राष्ट्रपतीनं वाचायचं आस्तं. मग चर्चा व्हईल."

आणि त्यांनी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, 'सर्वांना नूतन वर्षाच्या शुभेच्छा' इथपर्यंत. मी आत पुरणाचं पातेलं ढवळत होते, आणि मला वाटत होतं की ते तसंच उचलून ओट्यावर ओतावं.

पुढच्या अमावस्येला ठराव आला. युवराजभाऊजींचं म्हणणं असं, की रस्त्याला लागून जमीन असून डाळिंब लावणं म्हणजे येडेपणा. बारामतीच्या एमआयडीसीतली माणसं लग्नाला हॉल शोधत फिरतात. त्यांनी हात वर केला. दरम्यान मी रणजितला आठवडाभर जेवताना एवढंच ऐकवलं होतं, की दादांच्या बागेवर हात वर केलास तर ताटात तोच हात वाढीन. माझा नवरा तसा पातळ मनाचा, पण त्या दिवशी तो विरोधात गेला. मतं सारखी झाली. आबांनी घसा खाकरला, घटनेचं पुस्तक मांडीवर थोपटलं आणि निर्णायक मत ठरावाच्या बाजूनं दिलं. तात्यांनी चहा मागितला.

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर ठराव लिहिला होता. आबांनी तो अक्कांच्या मांडीवर ठेवला.

"सही न्हाय केली तर?" अक्कांनी विचारलं.

आबांचा चेहरा उजळला. उभ्या हयातीत त्यांना कुठल्या विद्यार्थ्यानं आपणहून प्रश्न विचारला नव्हता. "इचारलंस ते झ्याक झालं. एकशे अकरावं कलम. राष्ट्रपतीला विधेयक परत पाठवता येतं. एकदाच. बरूबर निरोप लिहायचा, फेरविचार करा म्हणून. पर दोन्ही सभागृहांनी तेच पुन्यांदा मंजूर केलं, तर मंग संमती रोखता येत न्हाय. सही करावीच लागती."

"एकदा तर येतं," अक्का म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल मागितली आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'झाडावर फळ आहे. फळ उतरल्यावर बघा.' युवराजभाऊजींनाही ते पटलं, कारण फळ विकून येणारं घरातच येणार होतं. आबांनी सगळ्यांना तो निरोप वाचून दाखवला आणि अक्कांची पाठ थोपटली.

संध्याकाळी चुलीपाशी अक्का माझ्याजवळ सरकून बसल्या. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"गणपतीत ऋषी पंचवीसचा व्हतोय," त्या म्हणाल्या.

ऋषिराज त्यांचा एकुलता एक. आणि लोकसभेत बसायला पंचवीस पुरी लागतात, हेही आबांनीच घटनेतून काढून सगळ्यांना ऐकवलं होतं, कारण ऋषी विसाव्या वर्षापासून ओट्यावर बसायला बघत होता. मी बोटावर मोजलं. रणजित विरोधात, ऋषी विरोधात. दोनाला एक. आबांच्या निर्णायक मताला वावच नाही. फळ उतरून होईतो श्रावणाची अमावस्या टळणार, आणि ऋषीचा वाढदिवस भाद्रपदात. अक्कांनी निरोपात फळ उगीच लिहिलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर थाप मारली.

तो पावसाळा अक्कांनी असा काढला की मीच बघत राहावं. एकही झाड तेल्यानं गेलं नाही. तोड झाली तेव्हा व्यापाऱ्याशी त्या अशा भांडल्या की त्यानं हात जोडले. तोडीनंतर झाडांना ताण द्यायचा म्हणून पाणी बंद केलं, आणि पुढच्या बहाराचं बोलू लागल्या. पाहुण्यांना सांगायच्या, "ऋषी बसला ना ओट्यावर, की बागंचं त्योच बघंल."

ऋषी मात्र बागेकडं फिरकत नव्हता. तो बारामतीला एका कंपनीत सुपरवायझर होता, मोटरसायकलनं जाऊन-येऊन असायचा. त्याला बघायला आलेल्या दोन स्थळांनी चहा पिऊन नकार कळवला होता, शेती आहे म्हणून. एकीनं तर समोरच विचारलं होतं, "म्हंजी लग्नानंतर मला बी फवारणी करायला लागंल का?" आणि मी बघत होते की संध्याकाळी युवराजभाऊजी त्याला बुलेटवर मागं बसवून कुठंकुठं घेऊन जातात. कधी बारामतीकडं, कधी वडगाव निंबाळकरला. परत आला की पोरगं लायटिंग, स्टेज, नवरा-नवरीची एंट्री असलं काहीबाही बोलायचं. मी अक्कांना म्हणाले, "पोराला एकदा इचारा तरी. त्याच्या मनात काय हाय ते कळू द्या."

अक्कांनी दोन्ही कानांना हात लावले. "आसं कसं इचारू? राष्ट्रपतीनं सभासदाला मत मागायचं नस्तं. आबांनी सांगितलंय."

"अवो, तुमचं पोर हाय ते!"

"घरात पोर. ओट्यावर सभासद." आणि मग हळूच म्हणाल्या, "त्याला काय इचारायचं, संजीवनी? बापाच्या मागं मी त्याला त्या बागंतच तर वाढीवलाय. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून फवारणी केलीय."

साऱ्या घरात आबांची घटना मनापासून कुणी मानली असेल तर या एकट्या बाईनं. बाकीच्यांनी घटनेचा चहा करून प्याला. अक्कांना खरंच वाटत होतं की आपण खुर्चीचा आब राखला, कुठं पायरी चुकली नाही, तर खुर्चीही आपल्याला राखेल. त्यांच्या या खुळेपणाचा मला आजही राग येतो. माया वाटते तेव्हा जास्तच येतो.

गणपती झाले. ऋषीला पंचवीस पूर्ण झाली. आणि त्यानंतरची अमावस्या आली ती सर्वपित्री.

सकाळी अक्कांनी ज्ञानेशदादांच्या आवडीचं सगळं केलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आळूची वडी. पत्र्यावर घास ठेवला. बाकीच्या घरांत कावळ्याची वाट बघून मान दुखते. आमच्याकडं ऋषीनं पान ठेवून हात जोडले आणि कावळा लगेच शिवला. अक्कांनी पदर डोळ्याला लावला. "जीव शांत हाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "त्यांना ठावं हाय आज काय हाय ते."

दुपारी संसद बसली. आधी नव्या सभासदाची शपथ. आबांनी सांगितलेले शब्द ऋषीनं मोठ्यानं म्हटले, घटनेबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन वगैरे. मग तो उंबरा ओलांडून आत आला आणि अक्कांच्या पाया पडला. अक्कांनी त्याच्या हातात शेवटच्या तोडीतलं राखून ठेवलेलं डाळिंब दिलं. केवढं मोठं! त्यानं ते घेतलं, ओट्यावर गेला आणि शेजारी ठेवलं. ते घरंगळत जोत्याच्या कडेपर्यंत गेलं, रणजितनं धरलं.

युवराजभाऊजी उठले. ठराव तोच होता, फक्त एक ओळ वाढवली होती. "लॉन्सला दादाचं नाव द्यायचं," ते म्हणाले. "'ज्ञानेश लॉन्स'. रस्त्याला कमान. रातीबी दिसंल आसं. आणि कारभार ऋषीकडं. कंपनीत दुसऱ्याचं बूट चाटण्यापरीस हितं मालक म्हणून बसंल."

मी अक्कांकडं बघितलं. त्या शांत होत्या. मान खाली, हात मांडीवर. त्यांना वाटत होतं, बोलू दे की, बोलण्यानं काय होतं, मतं तर मोजायचीत.

आबा म्हणाले, "विरोधात कोण?" आणि माझ्या पातळ मनाच्या नवऱ्यानं हात वर केला. भावाकडं न बघता, कान लाल करून, पण वर केला. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी त्याचा अभिमान वाटला.

"बाजूनं कोण?"

युवराजभाऊजींचा हात वर गेला. आणि त्याच्या शेजारी ऋषीचा.

मग ऋषीच बोलला, आईकडं न बघता, आबांकडं बघून. "आबा, मला पोरगी कुणी देत न्हाय. डाळिंबवाल्याला कोण देतं आज? लॉन्सचा मालक म्हणलं की लोक दारात येतील. आणि पप्पांचं नाव रस्त्यावर लागंल. त्यांच्या नावानं आजवर ह्या घरात काय झालंय? सकाळी कावळाबी लगीच शिवला. तुमी समद्यांनी बघितलं."

अक्का खुर्चीतून उठल्या. "ऋषी," त्या म्हणाल्या, "आरं ती त्यांनी सोताच्या हातानं—"

आबांनी बोट वर केलं. "राष्ट्रपती चर्चेत भाग घेत न्हाईत, कौसल्या."

"मी चर्चा न्हाय करत आबा, मी त्याची आई हाय, मी नुसतं त्येला—"

"आई आत. हितं राष्ट्रपती. बस खाली."

त्या बसल्या. एवढं वर्षानुवर्षं बसवलेलं, ते असं एका मिनिटात कसं उठणार? मला ओरडायचं होतं. मी ओरडलेही, "आबा, ह्यो कसला न्याय?" पण मी कुठल्याच सभागृहात नव्हते, जनगणना व्हायची होती, तेव्हा माझं ओरडणं कुणी ऐकलंसुद्धा नाही. तात्यांनी बाजेवरून विचारलं, "चा झाला का?"

आबांनी कॅलेंडर अक्कांच्या मांडीवर ठेवलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला त्यांचाच निरोप अजून दिसत होता.

"आणि एकदा परत न्हाय पाठवता येत?"

"न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. पण कलम बदलावं इतकं नव्हतं.

अक्का पेन शोधू लागल्या. खुर्चीच्या हातावर नव्हतं, खाली नव्हतं. तेव्हा ऋषी ओट्यावरून उठला, उंबऱ्यात आला आणि त्यानं खिशाचं पेन टोपण काढून पुढं केलं. "हे घे, आई."

त्यांनी सही केली. नेहमीसारखी पूर्ण नावाची, मधे नवऱ्याचं नाव येतं तशी. सही करताना त्या 'ज्ञानेश' या नावावर थोड्या रेंगाळल्या, किंवा मला तसं वाटलं. मग त्यांनी पेन परत दिलं, आणि ऋषीनं ते खिशाला लावलं.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. अक्कांनीच ड्रायव्हरला चहा नेला. कडेचं एक झाड ठेवा म्हणाल्या. युवराजभाऊजी म्हणाले, "वैनी, ते पार्किंगमदी येतंय." ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवायला त्या स्वतः वाकल्या, मजुरांनी वेड्यावाकड्या गुंडाळल्या असत्या म्हणून. पुढचे महिनाभर व्यापाऱ्यांचे फोन येत होते, "कौसल्याताई, बहार कुठला धरताय?" सुरुवातीला त्या सांगायच्या, "बाग काढली." मग फोन नुसता वाजू द्यायला लागल्या.

यंदाच्या पाडव्याला 'ज्ञानेश लॉन्स'चं उद्घाटन झालं. आबांच्या डोक्यात आलं की वर्षाचं पहिलं अधिवेशनही तिथंच, लोकांसमोर घ्यावं. स्टेजवर खुर्ची मांडली, तीच लाकडी, पांढरं कापड घालून. या वेळी अभिभाषण ऋषीनं लिहिलं. मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि आईला चार-पाच दिवस संध्याकाळी जवळ बसवून घोटून घेतलं, कारण समोर त्याची होणारी सासुरवाडी बसणार होती. अक्का एखाद्या शब्दावर अडल्या की तो "पुन्हा" म्हणायचा. त्या पुन्हा वाचायच्या.

आणि त्यांनी वाचलं. माईकवर, डोक्यावरचा पदर जराही न हलवता. "माझ्या सरकारने जुनी, तोट्यातली बाग काढून येथे हे भव्य मंगल कार्यालय उभारले आहे. माझ्या सरकारने माझ्या कैलासवासी पतींचे स्वप्न पूर्ण केले आहे. माझ्या सरकारचा मला अभिमान आहे." आवाज खणखणीत. रस्त्यावरून जाणारे वळून बघत होते. बागेत मजुरांवर ओरडायच्या ना, अगदी तोच आवाज, आणि त्याच जागी. फक्त शब्द पोराचे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सातवी शिकल्याली बाई," ते शेजारच्याला सांगत होते, "कशी वाचती बघा." माझ्या हातात जिलबीची परात होती. मी ती खाली ठेवली नाही, कारण ठेवली असती तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळ्या हातांनी मी काय केलं असतं ते मला माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर अक्का मागच्या बाजूला, भटारखान्यात, माझ्याजवळ आल्या. कागदाची घडी मुठीत होती, घामानं ओली झालेली. त्यांनी आधी इकडं-तिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मला वाटलं आता रडतील. आता तरी शिव्या देतील कुणाला तरी. मी जवळ सरकले.

"संजीवनी," त्यांनी कुजबुजत विचारलं, "कुठं अडखळले न्हाय ना गं मी?"

"न्हाय, अक्का."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ऋषी रागवला असता." आणि पदर खोचून त्या खरकट्या ताटांकडं वळल्या.